सही सगळ्यात शेवटी : जुन्या कागदांच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

आजपासून पेटीतले सगळे कागद एकेक करून नीट नोंदवायला घेतलेत. एकोणिसाव्या शतकातल्या राजकारणी आणि लष्करी लोकांच्या सह्या, पत्रं, हुकूम, पावत्या, असं बरंच काही जमलंय, बहुतेक इंग्लंड आणि अमेरिकेचं, पण कुठला कागद कुठून आला, पाठीमागे काय लिहिलंय, वॉटरमार्क आहे का, हे सगळं माझ्या डोक्यात आहे आणि डोक्यातलं दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही. म्हणून प्रत्येक कागदाला एक पान. क्रम ठरवून टाकला, आधी कागद, मग घड्या, शाई, मजकूर, पाठीवरचे शेरे, मग तो माझ्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आला ते, आणि सही सगळ्यात शेवटच्या रकान्यात.

हे मुद्दाम केलंय. सही आधी बघितली ना की बाकीचं सगळं त्या नावाला अनुकूल दिसायला लागतं, शाई बरोबर वाटते, तारीख बरोबर वाटते, आणि जे खटकायला हवं ते खटकत नाही. या छंदात सगळं लक्ष सहीकडे असतं, बोलीही सहीवर लागते, आणि माझं म्हणणं असं की कागद खरा आहे की खोटा, महत्त्वाचा आहे की किरकोळ, हे सहीतून फार थोडं कळतं.

९ जानेवारी

पहिलं पाकीट उघडलं ते इंग्लंडच्या फ्रँक्सचं, म्हणजे खासदाराच्या सहीवर फुकट गेलेल्या पत्रांच्या पत्त्याच्या बाजूंचं. १८४० च्या आधी तिकडच्या खासदारांना टपाल फुकट असायचं, नाव लिहिलं की झालं, आणि या सवलतीचा इतका गैरवापर झाला, मित्रांना, व्यापाऱ्यांना सह्या करून कोरे कागद वाटले जायचे, की १७८४ पासून नियम कडक केले. नुसती सही चालेना, पत्ता आणि पूर्ण तारीख सगळं खासदाराच्या स्वतःच्या हाताने पाहिजे, आणि सही खाली डाव्या कोपऱ्यात. १७९५ मध्ये त्यावरही मर्यादा आली, दिवसाला दहा पत्रं पाठवायची आणि पंधरा घ्यायची. जानेवारी १८४० मध्ये एक पेनीचं सरसकट टपाल सुरू झालं आणि सवलत बंद.

आता गंमत बघा, फसवणूक थांबवायला केलेल्या नियमामुळे आपल्याला केवढा ठेवा मिळालाय. एका छोट्या तुकड्यावर त्या माणसाचं अक्षर आहे, गाव आहे, दिवस आकड्यात नाही तर अक्षरात लिहिलेला आहे, आणि तो कुणाला पत्र लिहित होता तेही आहे. एखाद्याची सही तपासायची असेल तर तुलनेला फ्रँकसारखी चीज नाही, कारण खाली सही खोटी करणारा तारखेतलं 'ट्वेंटी' आणि पत्त्यातलं गाव त्याच सहजतेने लिहू शकत नाही. माझ्याकडचे बहुतेक फ्रँक्स फार प्रसिद्ध नसलेल्या खासदारांचे आहेत आणि मला त्याचं काही वाटत नाही. वाईट एवढ्याचंच वाटतं की त्या काळच्या जमवणाऱ्यांनी फक्त दर्शनी भाग कापून अल्बममध्ये डकवला, आतलं पत्र टाकून दिलं. पत्त्याची बाजू उरली, बोलणं गेलं.

१५ जानेवारी

आज दिवसभर कागद आणि शाई, सही एकही बघितली नाही.

खिडकीच्या काचेवर कागद धरला की वॉटरमार्क दिसतो, कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण. इंग्लंडमधल्या कागदात १७९४ नंतर बऱ्याच वेळा सालच घातलेलं असतं, कारण निर्यातीच्या कागदावर कर परत मिळायचा असेल तर कागदात साल पाहिजे असा कायदा होता, १८११ पर्यंत तो चालला. स्पेनमधल्या लढाईवर असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याचं १८०९ चं पत्र माझ्याकडे आहे, त्यात १८०७ दिसतं. दोन वर्षांचं अंतर अगदी स्वाभाविक, कागद गिरणीतून निघून, दुकानात पडून, जहाजातून जाऊन त्याच्या हातात आला. उलटं असतं, म्हणजे पत्रावर १८०९ आणि कागदात १८११, तर पुढे काही बघायची गरजच नव्हती. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालीही बघितलं, कागद निळसर पांढरा झळाळला तर त्यात विसाव्या शतकातली रसायनं आहेत. हा मंद, पिवळट राहिला, चिंध्यांच्या लगद्याचा जुना कागद.

शाई मायफळ आणि हिराकसाची, डिंक घालून केलेली. लिहिताना फिकी असते, हवेने काळी पडते आणि पुढे वर्षानुवर्षांनी तपकिरी होते. त्यातलं आम्ल कागद खातं, म्हणून जिथे लेखणी थांबून शाई साचलीय तिथे मागच्या बाजूला तपकिरी वलय आलंय, दोन ठिकाणी तर भोकच पडलंय. भिंगातून बघितलं तर रेषा जिथे रेषेवरून जाते तिथे गडद ठिपका, आणि १८३० नंतरच्या कागदांत, पोलादी टाक सर्रास झाल्यावर, जोर दिलेल्या रेषेच्या दोन्ही कडांना टोकाने ओरखडलेले बारीक चर. पिसाच्या लेखणीचं तसं होत नाही, ती मऊ. हे चर एकदा डोळ्याला ओळखीचे झाले की छापलेली नक्कल लांबून कळते.

१६ जानेवारी

घड्या. पाकिटाच्या आधीच्या काळात टपालाचा दर पानांच्या संख्येवर, त्यामुळे वेगळं पाकीट म्हणजे एक पान जास्त. पत्रच दुमडून त्याच्यावरच पत्ता आणि लाख. घडी, लाखेचा डाग, आणि लाख फोडताना फाटलेला तुकडा, हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. सगळ्या पत्रांचं तपासून झालं, जुळतात.

२४ जानेवारी

अँड्र्यू जॅक्सनच्या काळातली जमिनीची सनद काढली. चामड्याच्या पातळ पानावर, खाली लँड ऑफिसचा उठावदार शिक्का, आणि अक्षर छान मोठं, 'अँड्र्यू जॅक्सन'. सही राष्ट्राध्यक्षाची नाही. मला घेतानाच माहीत होतं आणि तसंच सांगून विकणाऱ्याने दिली, पण अशा सनदा दरवेळी 'जॅक्सनची सही' म्हणून विकायला येतात म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते.

त्या वेळी सरकारी जमीन विकली जात होती प्रचंड आणि प्रत्येक सनदेवर राष्ट्राध्यक्षाने स्वतः सही करायची पद्धत, सह्यांचे ढीग तुंबले. २ मार्च १८३३ च्या कायद्याने या कामासाठी एक सेक्रेटरी नेमला गेला, तो राष्ट्राध्यक्षाचं नाव लिहितो आणि त्याच्याखाली 'बाय' असं लिहून स्वतःचं. म्हणजे तारीख बघायची. त्या कायद्याच्या आधीच्या सनदेवर जॅक्सनचा हात असू शकतो, नंतरच्या सनदेवर सेक्रेटरीचा. माझी नंतरची आहे, खाली सेक्रेटरीचं नाव स्पष्ट आहे, फक्त फ्रेम करताना लोक तेवढी ओळ माउंटच्या खाली दाबतात.

आणि तरीही ही सनद मला फार आवडते. लष्करी नोकरीबद्दल मिळालेल्या जमिनीची आहे. १८१२ च्या युद्धातल्या साध्या शिपायाला १६० एकर देऊ केले होते, आणि कित्येकांनी ती जमीन बघितलीसुद्धा नाही, हक्क सावकाराला किंवा दलालाला विकून टाकला. देशाने शिपायाला काय दिलं आणि ते शेवटी कुणाच्या घरात गेलं हे समजायला हे असलेच कागद वाचावे लागतात. अमेरिकेच्या सरकारी जमीन खात्याने या सनदांच्या नोंदी ऑनलाइन ठेवल्यात, त्यामुळे मूळ नोंदीशी तपशील ताडून बघता येतो. तो ताडला, नोंदवहीत लिहिला.

जाता जाता, याच्या अगदी उलट टोकाला विल्यम हेन्री हॅरिसन. १८४१ मध्ये फक्त ३१ दिवस राष्ट्राध्यक्ष होता आणि वारला, त्यामुळे त्या पदावर असताना त्याने सही केलेला कागद सगळ्या राष्ट्राध्यक्षांत दुर्मिळ. त्याआधीचा, नुसता सेनापती असतानाचा हॅरिसन तसा मिळतो.

२ फेब्रुवारी

ओळखीतल्या एकाने फोटो पाठवला, घरात जुन्या फ्रेममध्ये लिंकनचं पत्र सापडलंय, खरं आहे का बघ. पहिली ओळ वाचूनच कळलं. बिक्सबी पत्र. २१ नोव्हेंबर १८६४, बॉस्टनच्या एका आईला, पाच मुलगे लढाईत गेले असं कळवण्यात आलं म्हणून लिंकनने लिहिलेलं सांत्वनपत्र. लष्करी नोंदींप्रमाणे पाचातले दोघे लढाईत गेले होते, आणि पत्र लिंकनने लिहिलं की त्याचा सेक्रेटरी जॉन हे याने यावर अजून वाद आहे. मूळ पत्र कधी सापडलेलंच नाही. पण १८९१ पासून त्याच्या छापील नकला विकल्या गेल्या, कित्येक घरांत त्या फ्रेममध्ये लागल्या, आणि पुढच्या पिढीला वाटतं की हे मूळच आहे.

मी त्याला सांगितलं, फ्रेममधून काढून भिंगाने बघ. रेषा सगळीकडे सारखीच काळी आहे का, रेषेवर रेष आलीय तिथे जास्त गडद होतंय का, मागून हात फिरवल्यावर काही उठाव लागतो का. संध्याकाळी उत्तर आलं, सगळं सपाट. तो थोडा हिरमुसला, पण फ्रेम परत भिंतीवर लावतोय म्हणाला, आणि ते मला बरं वाटलं. सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांना हे पत्र घरात लावावंसं वाटलं, ही पण एक नोंदच आहे.

३ फेब्रुवारी

नकलेवरून कालपासून डोक्यात हेच चाललंय. गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा लिंकनच्या स्वतःच्या अक्षरातला अंतिम मसुदा त्याने १८६३ मध्ये शिकागोच्या सॅनिटरी फेअरला दिला, जखमी सैनिकांसाठी पैसा गोळा करायला. त्याचे ३,००० डॉलर आले. आणि १८७१ च्या शिकागोच्या आगीत तो जळाला. नशीब की त्याआधी त्याची शिळाछाप नक्कल काढली होती, म्हणून त्याच्या अक्षरात तो मजकूर कसा दिसत होता हे आज कळतं. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या जत्रेसाठी त्याच जाहीरनाम्याच्या ४८ प्रती छापून त्यावर लिंकन, त्याचा परराष्ट्रमंत्री सीवर्ड आणि सेक्रेटरी निकोलाय यांनी सह्या केल्या, दहा डॉलरला एक, आणि त्या तेव्हा सगळ्या खपल्यासुद्धा नाहीत.

म्हणून माझ्या वहीत 'नक्कल' असं लिहून कागद बाजूला टाकायचा नाही असं ठरवलंय. नक्कल कुणी काढली, कधी, कशासाठी, हे लिहायचं.

११ फेब्रुवारी

बनावटीचं पान. खऱ्या कागदांच्या शेजारी हे ठेवणार, कारण खोटं कसं करतात ते माहीत असल्याशिवाय खरं ओळखता येत नाही.

रॉबर्ट स्प्रिंग, मूळ इंग्लंडचा, फिलाडेल्फियात पुस्तकांचा धंदा, वॉशिंग्टनच्या सहीचे परवाने आणि चेक बनवायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्याने दक्षिणेकडच्या सेनापतीची, स्टोनवॉल जॅक्सनची पत्रंही बनवली आणि ती इंग्लंडमधल्या दक्षिणेच्या चाहत्यांना विकली, जॅक्सनची गरजू मुलगी वडिलांची पत्रं विकतेय असं भासवून. जॅक्सनची खरी मुलगी तेव्हा तान्ही होती. फ्रान्समध्ये व्राँ-ल्युकाने तर मिशेल शाल नावाच्या मोठ्या गणितज्ञाला २७,००० च्या वर खोटी पत्रं विकली, त्यात क्लिओपात्राचं, मेरी मॅग्डालीनचं, आणि सगळी फ्रेंचमध्ये. १८७० मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. शाल मूर्ख नव्हता, आपल्या विषयात पहिल्या रांगेतला माणूस. पण पास्कलने न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षण शोधलं हे त्याला खरं असायला हवं होतं, आणि पत्रं तेच सांगत होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला जे हवंय तेच सांगणारा कागद समोर आला की तिथे दुप्पट वेळ थांबायचं.

विसाव्या शतकात जोसेफ कोझी, लिंकन आणि फ्रँकलिन इतके सफाईने करायचा की आता त्याच्या नकला लोक त्याच्याच नावाने जमवतात. तो जुना कोरा कागद वापरायचा, त्यामुळे नुसता कागद खरा असणंही पुरत नाही.

या सगळ्यांची मेहनत दर्शनी बाजूवर. पाठ बहुतेक कोरी. खऱ्या कागदाची पाठ कोरी राहत नाही, कारण तो पत्र म्हणून आला, कुणीतरी घडी घालून त्याच्यावर नाव-तारीख-विषय लिहिला, कुणीतरी शेरा मारला, कपाटात गेला, पुन्हा काढला. बनवणारा सही शिकतो, त्या कारकुनांची अक्षरं कुठून आणणार.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस सगळ्यात चांगला गेला. यादवी युद्धातले साधे फॉर्म आणि चिठ्ठ्या.

क्वार्टरमास्टरची, म्हणजे सैन्याच्या पुरवठा अधिकाऱ्याची, वैरणीची पावती, छापील, रकाने हाताने भरलेले, घोडे किती, दिवस किती, गवत, ओट्स. त्या सैन्यात घोड्याला दिवसाला १४ पौंड गवत आणि १२ पौंड धान्य असं ठरलेलं होतं, खेचराला धान्य ९ पौंड. म्हणजे शंभर घोडे असले तर रोज २,६०० पौंड वैरण, आणि ती ओढून आणायला पुन्हा जनावरंच, त्यांनाही वैरण. सेनापती पुढे का सरकत नाही म्हणून वर्तमानपत्रं ओरडत असतील तेव्हा उत्तर या फॉर्मच्या रकान्यात असायचं. खाली एका कॅप्टनची सही आहे, त्याला कुणी ओळखत नाही.

त्याच्याखालून निघाली ती पट्टी. जेमतेम चार बोटं रुंद, कात्रीने सरळ कापलेली, 'शिफारस करून सादर' अशा अर्थाचा शेरा आणि एका ब्रिगेडियरची सही. दर्शनी एवढंच. उलटी केली तर मूळ अर्जाचे तुकडे, पेन्सिलीने लिहिलेले, प्रत्येक ओळ दोन्हीकडून कापलेली. रजा हा शब्द आहे, आई आहे, आणि एका ओळीत गहू. शिपायाचं नाव नाही. गहू कापायला घरी कुणी नाही म्हणून रजा मागितली असणार असं मला वाटतं, पण ती मिळाली का, तो गेला का, परत आला का, हे ज्या भागावर होतं तो भाग सही जमवणाऱ्याने केराच्या टोपलीत टाकला.

लष्करात अर्ज तीन घड्या घालून वर पाठवायचे आणि प्रत्येक वरिष्ठ पाठीवर आपला शेरा लिहायचा, त्यामुळे सेनापतींच्या, अगदी लिंकनच्याही, कित्येक सह्या अशा शेऱ्यांवर आहेत. माफीचा, बदलीचा, रजेचा अर्ज आणि त्याच्यावर दोन ओळी. एकोणिसाव्या शतकात अल्बमचं वेड इतकं की त्या दोन ओळी कापून घेतल्या. आज लिंकनचा 'याला सोडा' असा शेरा हातात येतो आणि कुणाला सोडलं ते कळत नाही. मला या छंदातली याहून दुःखाची गोष्ट माहीत नाही. पूर्ण अर्ज, त्यावर अनोळखी मेजरची सही, असा कागद मी कापलेल्या मोठ्या सहीपेक्षा कधीही आधी घेईन.

अॅपोमॅटॉक्सची परवाना-चिठ्ठी माझ्याकडे नाही, पण तुलनेसाठी चांगल्या प्रतीचं स्कॅन ठेवलंय. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली याने तिथे शरणागती पत्करली, आणि घरी जाणाऱ्या प्रत्येक सैनिकासाठी तिथेच छापखाना लावून चिठ्ठ्या छापल्या, २८ हजारांच्या वर. मजकूर एवढाच की हा माणूस पॅरोलवर, म्हणजे पुन्हा न लढण्याच्या वचनावर, सुटलेला कैदी आहे, त्याने घरी जावं आणि तिथे त्याला कुणी त्रास देऊ नये. खाली सही त्याच्याच बाजूच्या अधिकाऱ्याची. खिशात ठेवून, घामाने भिजून, घडीवर फाटलेली चिठ्ठी असेल तर ती खरंच वाटेत वापरलेली. दुसऱ्या दिवशी निघालेला लीचा निरोपाचा हुकूम, जनरल ऑर्डर क्रमांक ९, तोही मिळतो, पण त्याच्या प्रती कारकुनांनी लिहिल्या आणि अधिकाऱ्यांनी आठवण म्हणून त्यावर लीच्या सह्या घेतल्या, त्यामुळे अनेक 'मूळ' प्रती आहेत आणि त्या सगळ्या खऱ्या असू शकतात. मसुदा लीच्या हाताखालच्या चार्ल्स मार्शलचा.

२७ फेब्रुवारी

सह्यांचा रकाना भरायला घेतला, एकदाचा.

ड्यूक ऑफ वेलिंग्टनची चिठ्ठी, तिच्याखाली सहीच नाही. 'फील्ड मार्शल ड्यूक ऑफ वेलिंग्टन अमुक यांना नमस्कार कळवतात' अशी तृतीय पुरुषात सुरू होते आणि तशीच संपते, नाव मजकुरातच. अशा कितीतरी चिठ्ठ्या त्याने स्वतःच्या हाताने लिहिल्या. सही नाही म्हणून लोक सोडून देतात, आणि हा पूर्ण मजकूर त्याच्या हातचा. फील्ड मार्शल १८१३ पासून, ड्यूक १८१४ पासून, म्हणजे चिठ्ठी त्यानंतरची हे पहिल्या ओळीतच ठरतं. असईच्या लढाईच्या, १८०३ च्या वेळचा कागद असेल तर सही आर्थर वेलस्ली, आणि १७९८ च्या आधी वेस्ली. त्या वर्षांत 'वेलिंग्टन' दिसलं तर कागद खाली ठेवायचा.

नेपोलियनचंही तसंच, आधी बुओनापार्ते, १७९६ पासून बोनापार्ट, सम्राट झाल्यावर नेपोलियन, आणि मग घाईघाईत नॅप, एनपी, शेवटी नुसता एन. मजकूर जवळजवळ नेहमी सेक्रेटरीच्या हातचा, कारण तो सांगायचा फार वेगाने आणि स्वतःचं अक्षर लागायचं नाही. इंग्लंडचा आरमारप्रमुख नेल्सन, त्याचा उजवा हात जुलै १७९७ मध्ये गेला, त्यानंतरचं सगळं डाव्या हाताचं, उभं आणि ताठ, आणि १७९९ नंतर नावापुढे ब्राँटे हा किताब. १८०१ चं उजवीकडे झुकलेलं सफाईदार 'होरेशियो नेल्सन' कुणी दाखवलं तर वाद घालायची गरज नाही.

यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल, जेफरसन डेव्हिसबद्दल मात्र 'सही : अनिश्चित' एवढंच लिहिलंय. त्याची पत्नी व्हरीना त्याची पत्रं लिहायची आणि त्याच्यासारखी सहीपण करायची.

६ मार्च

एक अडचण आलीय. १८६३ चं एक पत्र, युद्धमंत्र्याला लिहिलेलं, पाठीवर व्यवस्थित शेरे, लाल शाईत अनुक्रमांक, आवक तारीख. बरीच वर्षं हे माझं आवडतं पाठपान होतं. आज पाठ वाचताना नव्या क्रमाने विचार केला, हे पत्र पोचलं, आवक झालं, नोंदलं गेलं, फाइलला लागलं. मग ते फाइलमधून बाहेर कधी आलं? अनुक्रमांकाच्या शेजारी कागद खरवडल्यासारखा पातळ आहे, उजेडात धरल्यावर तिथे गोल शिक्क्याची कड दिसते.

सरकारने त्या काळी रद्दी म्हणून विकलेलेही कागद आहेत, अधिकारी स्वतःच्या प्रती घरी न्यायचे तेही आहेत, म्हणून पाठीवर शेरा आहे म्हणजे चोरीचाच असं होत नाही. पण शिक्का खरवडायला कुणाला कारण असतं? ज्याच्याकडून घेतलं त्याला विचारलं, 'जुना संग्रह' यापलीकडे काही सांगता येईना. दोन्ही बाजूंचं स्कॅन काढून संबंधित दप्तरखान्याला लिहिलं, अनुक्रमांकासह. कागद त्यांचा असेल तर तो त्या फाइलमध्येच असायला पाहिजे, त्याच्या पुढचं आणि मागचं पत्र तिथे आहे, माझ्याकडे तो एकटाच आहे आणि एकटा अर्धवट आहे.

८ मार्च

ठेवण. आम्लमुक्त फोल्डर, प्रत्येकाला वेगळं, अंधारात, दमट हवेपासून लांब, कारण ओलाव्याने हिराकसाची शाई पुन्हा कागद खायला लागते. प्लास्टिकचं लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, चार पत्रांवर जुनी सेलोटेप आहे ती मी काढणार नाही, ते काम कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं. खरी सही भिंतीवर लावायची नाही, स्कॅन लावायचं.

२१ मार्च

दप्तरखान्याचं उत्तर आलं. त्यांच्या आवक नोंदवहीत त्या क्रमांकाचं पत्र नोंदलेलं आहे, विषय जुळतो, आणि फाइलमध्ये ती जागा रिकामी आहे. परत पाठवायची पद्धत कळवली. उद्या दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून पॅक करते. नोंदवहीतलं त्याचं पान काढणार नाही, स्कॅन लावून 'मूळ जागी परत' असा शेरा आणि तारीख टाकली.

राहिलेलं काम, फ्रेंच पाकिटातली पाच पत्रं वाचून घ्यायचीत, सह्या केलेले छोटे फोटो अजून बघितलेलेच नाहीत, आणि त्या कापलेल्या पट्टीवरच्या ब्रिगेडियरच्या हाताखालच्या रेजिमेंट्सची यादी मिळवायचीय. गव्हाच्या कापणीचे महिने, त्या वेळी ब्रिगेड कुठे होती, कुणाला रजा मिळाली होती, रेजिमेंटच्या हजेरीपटावरून तीनचार नावांपर्यंत तरी पोचता येईल असं वाटतंय.